पहिले तीन आकडे

कंटाळा आलाय मला आता. वाळवंटातल्या या चँडलर गावाच्या भट्टीत जुन्या गाड्यांच्या दारांत वाकायचं, पट्टीवरचे नंबर वाचायचे आणि मालकाला सांगायचं, बाबा रे, तुझी गाडी असली आहे की नटवलेली. चिप कंपनीतली नोकरी गेली तेव्हा या नादानेच मला उभं केलं. आता गुडघे उभं राहू देत नाहीत.

पण इलाला नाही कसं म्हणणार? माझ्या चाळीस वर्षांच्या दोस्ताची, त्र्यंबकची मुलगी. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो तिच्याकडेच असतो.

"काका, बाबांचा सेव्हंटी-फिफ्थ बर्थडे येतोय. त्यांची जीटीओ गाडी जुन्या गाड्यांच्या शोमध्ये टाकते, ओरिजिनल क्लासमध्ये. जजेस नंबर चेक करतात, सो तुम्ही एकदा बघाल?"

"अगं, वीस वर्षांपूर्वी मीच तपासली होती. माझ्या शब्दावर घेतली त्याने."

"तरी पण, प्लीज."

ती सहासष्ट सालची गाडी त्र्यंबकने कधी शोला नेलीच नाही. "लोक हात लावतात यार," म्हणायचा. मी चिडवायचो, "झाकली मूठ सव्वा लाखाची, काय रे?" तो नुसता हसायचा.

गॅरेजमध्ये ड्रायव्हरचं दार उघडलं, चष्मा पुसला, दाराच्या खांबावरची पट्टी वाचली. दोन, तीन, सात.

पट्टी पुन्हा वाचली. तेच. चौसष्ट-पासष्ट साली जीटीओ म्हणजे साध्याच गाडीवर मोठं इंजिन. नंबरही साध्या गाडीचाच, २३७ने सुरू होणारा. सहासष्टपासून जीटीओला स्वतःचा नंबर मिळाला, २४२. मी तेव्हा नवशिका. माझ्या नंबरांच्या वहीतलं पासष्टचं पान उघडून सहासष्टची गाडी वाचली होती. चांगलंच शेण खाल्लं होतं मी!

"ऑल गुड, काका?"

"थांब. आधी त्याच्याशी बोलतो."

त्र्यंबक खिडकीशी पडून होता. मी आडवळण घेतलं नाही. तेवढा दम नव्हता अंगात.

"तुझी जीटीओ नकली आहे रे. चूक माझी."

त्याचा अर्धा चेहरा हसला. "माहितेय."

"कधीपासून?"

"घेतली... त्याच वर्षी. पार्ट्सवाला म्हातारा बोलला."

"आणि मला सांगितलं नाहीस, गाढवा?"

तो दम घेत राहिला. एकेक शब्द ओढून काढत होता. "तुझी नोकरी गेलेली. ती वही घेऊन बसायचास... पुष्कळ दिवसांनी हसायला लागला होतास."

"म्हणून शोला नेली नाहीस?"

"चारचौघांत... तुझंच नाक कापलं गेलं असतं."

मी पलंगावर टेकलो. वीस वर्षं मी या माणसाला चिडवलं होतं. लाज वाटली, आणि रडूही आलं, म्हाताऱ्या माणसाला येतं तसं, नाकातून.

इला फॉर्म घेऊन दारात उभी. सगळं ऐकलं असावं तिने. "काका, मग काय लिहू? कॅन्सल करू?"

"कॅन्सल कशाला? लिही, साधी गाडी, जीटीओसारखी नटवलेली. तपासणारा चुकला. खाली माझं नाव टाक."

"नाव नको," त्र्यंबक पुटपुटला. चालत्या हाताने माझी बाही ओढली.

"गप रे. वीस वर्षं झाकलंस. आता तरी गाडी उन्हात येऊ दे."