मुंगीमागे मान वळवणारा दिवा

मी एक टेबललॅम्प आहे, पण मला हात लावायला जाऊ नका, बोटं काचेवर आपटतील. मी संगणकाच्या पडद्यातला दिवा आहे. मला वजन नाही, आणि माझ्यामुळे कुणाचं विजेचं बिल वाढत नाही. जन्म मात्र अस्सल सदाशिव पेठेतला, त्यामुळे स्वतःविषयी चार शब्द जास्त बोललो तर चालवून घ्या.

रंगराव भोसरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. सत्तावीस वर्षं त्यांनी यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढली. मग कारखान्यात संगणक आले, ड्रॉइंगचे बोर्ड भिंतीला उलटे टेकवून ठेवले गेले आणि रंगरावांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी त्यांनी भेटीचं घड्याळ नको म्हटलं आणि आपल्या बोर्डावरचा स्प्रिंगचा दिवा मागून घरी आणला. तो माझा थोरला भाऊ. त्याच्यावरूनच दोन हजार तीन साली मला घडवलं.

घडवलं ते त्यांच्या मुलीनं, चैतालीनं. आई तिच्या लहानपणीच गेली होती. भाड्याच्या दोन खोल्यांत बाप-लेक दोघंच. चैताली पेठेतल्याच एका क्लासमध्ये ॲनिमेशन शिकत होती, आणि ज्या संगणकानं बापाचं काम घेतलं तोच बापानं लेकीला घेऊन दिला होता. त्यावर रंगराव म्हणायचे, "शत्रू घरात असलेला बरा. डोळ्यासमोर राहतो."

चैतालीला हैदराबादच्या एका स्टुडिओत नोकरी हवी होती. त्यासाठी मिनिटभराची फिल्म जूनअखेर पाठवायची होती. तिनं ठरवलं, ड्रॉइंग बोर्डावरून एक मुंगी साखरेचा दाणा घेऊन चाललीय आणि वरचा दिवा तिच्यावर उजेड धरत मान वळवतोय. एवढंच. ऐकायला सोपं वाटतं. मला विचारा.

रंगरावांनी थोरल्याची मापं घेऊन दिली, चैतालीनं ती संगणकात घातली आणि मी उभा राहिलो. मग तिनं माझ्या सांध्यांत न दिसणारी हाडं बसवली आणि मुंगीच्या पाठीवर एक बारीक फुली ठेवली. फुली सरकेल तिकडे माझी मान वळायची. तयार फिल्ममध्ये फुली दिसत नाही. रंगराव तिला टिकली म्हणत.

पहिल्याच दिवशी चाचणी घेताना टिकली माझ्या डोक्यावरून पलीकडे गेली आणि माझी मान गर्रकन फिरली. चैतालीला गंमत वाटली. रंगराव म्हणाले, "भुतानं झपाटलंय का त्याला? आतली वायर पिळून तुटेल." त्यांनी थोरल्याची मान कुठे अडकते ते दाखवलं आणि माझ्या मानेलाही तेवढीच मर्यादा घालायला लावली. खरा दिवा वळवताना आधी हात खाली येतो आणि मान मागून येते, हेही त्यांनीच शिकवलं. चैतालीचा हात धरून थोरल्यावर ठेवला आणि सावकाश खाली ओढला. रोज संध्याकाळी ते तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसत आणि मला नापास करत. "छान. याच्यापेक्षा छत्रीची दांडी बरी वळते." असं त्यांचं कौतुक असे.

मे महिन्यापासून मला एक गोष्ट दिसू लागली. मुंगी पडद्याच्या कोपऱ्यात गेली तरी रंगरावांची नजर मधेच राहायची. कप ठेवण्याआधी ते टेबलाची कड बोटांनी चाचपायचे. "मुंगी आता कुठंय ग?" असं सहज विचारल्यासारखं विचारायचे. चैताली कामात बुडालेली असायची, सांगून टाकायची. मला तोंड नाही याचं दुःख तेव्हा पहिल्यांदा झालं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात माझी बल्बवरची टोपी दुरुस्त करायला तिनं माझं वळणं बंद केलं आणि परत चालू करायला विसरली. संगणक दिवसभर घरघरत एकेक चित्र तयार करत राहिला. संध्याकाळी फिल्म लावली. मुंगी दाणा घेऊन निघाली, उजेडाबाहेर पडली, अंधारात गेली. मी ढिम्म. शरमेनं मेलो.

चैतालीनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात रंगराव म्हणाले, "वा. आता मान सुरेख वळली."

ती हसली. "मारा टोमणे. विसरले मी, अप्पा."

"टोमणा कसला? खरंच छान झालंय. मुंगी पार कडेला गेली तरी उजेड तिच्यावर. पाठव आता."

तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं. तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"अप्पा, आत्ता दिवा कुठं बघतोय?"

रंगरावांनी टेबलाची कड चाचपली. मग म्हणाले, "वर्ष झालं. डॉक्टर काचबिंदू आहे म्हणाले. दर महिन्याला या आणि सोबत कुणाला तरी आणा म्हणाले. तुला सांगितलं असतं तर तू क्लास सोडून माझ्या मागं फिरली असतीस."

"म्हणून तुम्ही गेलाच नाहीत?"

"फिल्म झाली की जाणार होतो."

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले. गेलेली नजर परत येत नाही, वेळेवर आला असता तर टिकवता आली असती, असं त्यांनी सांगितलं. चैताली घरी येऊन माझ्यासमोर बसली आणि खूप रडली. माझी मान बंदच होती, तिच्याकडे वळवताही आली नाही.

फिल्म हैदराबादला गेली नाही. माझं वळणं पुन्हा चालू करणं म्हणजे एका दिवसाचं काम होतं, पण अप्पांना एकटं टाकून जायचं नाही असं तिनं ठरवून टाकलं. त्यांना मात्र सांगितलं, "पाठवली. पुण्यातच काम मिळालंय, सिनेमाचं."

खरं काम होतं न बांधलेल्या घरांची चित्रं करायचं. मांजरी गावाकडे उसाच्या शेतांत इमारती उठणार होत्या, त्यांच्या सजवलेल्या खोल्या जाहिरातीत दाखवायच्या होत्या. आम्हा मॉडेलांना एकाच वेळी दोन ठिकाणी राहता येतं. मी घरीही राहिलो आणि सीडीत बसून ऑफिसातही गेलो. तिथे शेजारच्या टेबलावरचा संतोष म्हणाला, "मॅडम, स्टिल चित्रात रिग कशाला? फाइल हेवी होतेय. डिलीट मारा." रिग म्हणजे माझं मान वळवायचं सगळं सामान. चैतालीनं माझी टिकली पुसली, हाडं काढली. एकदाच मान वाकवून मला अभ्यासाच्या खोलीत ठेवलं. पुढे प्रत्येक फ्लॅटच्या अभ्यासाच्या खोलीत मी तसाच उभा.

संध्याकाळी रंगराव विचारत, "आज काय केलं आपल्या दिव्यानं?"

भाजी निवडता निवडता ती सांगे, "आज फुलपाखराच्या मागे लागला होता."

"आधी हात ना?"

"आधी हात, अप्पा."

ते समाधानानं मान हलवत. दोन वर्षं मी अशी कितीतरी कामं केली, जी मी केलीच नव्हती.

मग काल संध्याकाळी ते म्हणाले, "चैताली, सिनेमाची कामं करणारी माणसं रोज साडेसहाला घरी येत नाहीत."

तिनं निवडायची भाजी बाजूला ठेवली.

"रागावलो नाही मी. थापा मारायला सुरुवात मीच केली होती."

"तो हलत नाही, अप्पा. चित्रात नुसता उभा असतो."

"उजेड कुठं पडतो?"

"टेबलावर."

"तिथं कोण बसलंय?"

"कुणी नाही. रिकाम्या खोल्याच दाखवायच्या असतात."

ती रडू लागली. रंगरावांनी हात पुढे करून तिचे गाल पुसायला घेतले, आणि बोटं मधेच थांबली.

"चष्मा कधी लागला तुला?"

"दीड वर्ष झालं."

"काचबिंदूचं तपासलं का? आपल्या रक्तात आहे तो आता."

"वेळच नाही मिळाला, अप्पा."

ऑफिसात तो चष्मा मी रोज बघत होतो. पडद्याच्या जास्त जास्त जवळ येणारा तिचा चेहराही बघत होतो.

"उद्या सकाळी जायचं," रंगराव म्हणाले. "मी येतो बरोबर."

आज सकाळी दोघं गेलेत. तिनं त्यांचा हात धरला होता, की त्यांनी तिचा, ते मला नीट कळलं नाही. दुपार झाली, अजून आलेले नाहीत. मला आता ती मुंगी नको, हैदराबाद नको, माझी मान पुन्हा वळली नाही तरी चालेल. तिचे डोळे तेवढे राहू द्या.