छत्रीवाली वेलांटी

मित्रांनो, मी एक जुनी घडवंची आहे. चार पाय, मध्ये एक पायरी आणि वर एक रुंद फळी, एवढाच माझा पसारा. चारांतला एक पाय जरा तोकडा आहे. त्यामुळे माझ्यावर चढणारा माणूस आधी डुलतो आणि मग मला नावं ठेवतो. ठेवू द्या. ज्या नावांच्या सेवेत माझा जन्म गेला, त्यांच्यापुढे असल्या नावांचं मला काय?

पण मी जन्माने घडवंची नाही. आधी मी एक लाकडी पेटी होते, एका घरातल्या थोरल्या मुलाची. माझ्या पोटात त्याचे भोवरे असत, दोऱ्याची रिळं असत आणि धाकट्या बहिणीपासून लपवलेल्या गोळ्या असत. लपवण्याचा उपयोग शून्य. बहीण होती एवढीशी, पण माझी कडी तिला झोपेतही उघडता यायची.

माझ्या झाकणावर त्याने निळ्या रंगाने आपलं नाव लिहिलं होतं. दुसरी वेलांटी हवी तिथे पहिली दिली होती. तीही अशी ऐसपैस की बाकीची अक्षरं तिच्याखाली पावसात छत्रीखाली थांबलेल्या माणसांसारखी दिसत. त्या वेलांटीपायी त्याने शाळेत पुष्कळ छड्या खाल्ल्या. घरी येऊन तो माझ्यावर बसायचा, लाल झालेला तळहात फुंकायचा आणि म्हणायचा, "नाव माझं, तर वेलांटीही माझीच."

मिसरूड फुटतं न फुटतं तोच तो देशाच्या लढाईवर गेला. मी घरीच राहिले. तो परत आला नाही.

त्याच्यासारखी आणखीही मुलं परतली नव्हती. तेव्हा गावातल्या बायका एकत्र आल्या. त्यांनी स्मारक मंडळ काढलं आणि चौकात एक उंच शिळा उभी केली. पोरं गेली ती गेली, निदान नावं तरी उन्हापावसात उभी राहू देत, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. नाव कसं कोरायचं, असं पाथरवटाने पेटीवाल्या मुलाच्या आईला विचारलं. तिला लिहिता येत नव्हतं. तिने माझं झाकण काढलं, डोक्यावर घेतलं आणि त्याच्यासमोर नेऊन ठेवलं. गंमत म्हणजे पाथरवटालाही वाचता येत नव्हतं. जसं दिसलं तसं त्याने दगडात उतरवलं, वेलांटीच्या शेवटच्या वळणासकट.

शिळा झाली खरी, पण वरच्या ओळीला कुणाचा हात पुरेना. आई म्हणाली, "ही पेटी घ्या. रिकामी बसून दिवसभर माझ्याकडे बघत असते." मग सुताराने मला मोडून घडवंची केली. झाकणाची झाली वरची फळी. आईने एकच अट घातली. नाव खालच्या बाजूला करून ठोकायचं, लेकाच्या नावावर कुणाचा पाय पडता कामा नये. त्या दिवसापासून ते नाव जमिनीकडे तोंड करून राहिलं. धुळीने काळवंडलं. ज्यांना ठाऊक होतं, त्या बायका एकेक करून गेल्या. मग ते फक्त मला ठाऊक राहिलं आणि मला तोंड नाही.

मित्रांनो, माझ्या कामाचे दिवस फार सुखाचे गेले. दर आठवड्याला बायका बादली, ब्रश आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन चौकात यायच्या. एक माझ्यावर चढायची, दुसरी मला धरायची आणि उरलेल्या खालून सूचना द्यायच्या. अक्षरं धुवायची, सुकू द्यायची, मग बारीक ब्रशने त्यांत रंग भरायचा. शाळेतली मुलं आली की त्यांना एकेक नाव वाचून दाखवायचं. यासाठी कुणाला छदाम मिळत नव्हता. घरचा स्वयंपाक आवरून, सासूचे टोमणे पदरात बांधून त्या यायच्या आणि परतताना माझी फळी पुसून ठेवायच्या. पुढे मंडळात आलेल्या शिंपीणकाकू तर म्हणायच्या, "मंडळात हिच्याइतकी नियमित सभासद दुसरी नाही. आणि बोलत नाही, हा वरचा गुण."

पुढे लोखंडी शिडी आली. माझी रवानगी अडगळीत झाली. तिथे मोडक्या खुर्च्या होत्या आणि एक कोळीण होती, तिने माझ्या पायात संसार थाटला. मी रागावले नाही. पण चौकातून बादलीचा आवाज आला की जीव तुटायचा.

मला बाहेर काढलं ते सिस्टरने. परगावच्या इस्पितळात जन्मभर नोकरी करून ती म्हातारपणी इथे राहायला आली होती आणि मंडळात दाखल झाली होती. त्या शिडीवर मला चक्कर येते, काहीतरी बुटकं द्या, असं ती म्हणाली. तिने कोळिणीला हलक्या हाताने दुसरीकडे बसवलं आणि मला वरूनच धुऊन काढलं. गाव तिला सिस्टर म्हणायचं, कारण ती नर्स होती. ती खरोखरच कुणाची तरी बहीण आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. माझ्यावर चढून तिने वरच्या ओळीतल्या त्या नावावर बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "दादा, तुझं नावसुद्धा यांना धड लिहिता आलं नाही रे."

होय मित्रांनो, ती गोळ्या चोरणारी. भाऊ गेला तेव्हा ती अक्षरं गिरवण्याएवढीही नव्हती. नंतर मामाकडे वाढली, तिथेच शिकली. दादा आपलं नाव कसं लिहायचा, हे तिला कधी कळलंच नाही. ती वेलांटी तिला काट्यासारखी सलत होती.

बरेच महिने ती गप्प राहिली. स्मरणदिन जवळ आला तेव्हा तिने धीर करून अध्यक्षबाईंना सांगितलं, की तो आपला भाऊ आणि त्याच्या नावाची वेलांटी चुकलीय. अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. लग्नपत्रिकासुद्धा त्या लाल पेन घेऊन वाचत. त्यांचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं मला ती वेलांटी खुपत होती," त्या म्हणाल्या. "घरचं कुणी भेटेना म्हणून हात लावला नाही. आता करूच."

झालं. पाथरवटाला बोलावणं गेलं. हा त्या जुन्या पाथरवटाचा मुलगा. जुनी वेलांटी बुजवायची आणि दुसरी कोरायची, असं ठरलं.

त्या सकाळी माझी काय अवस्था झाली असेल! सगळ्यांची मनं सोन्यासारखी, आणि भावाच्या हातची शेवटची खूण बहीणच पुसायला निघालेली. मी लाकूड. ओरडू कशी?

पाथरवट छिन्नी घेऊन माझ्यावर चढला आणि मी डुलले. आयुष्यात इतक्या मनापासून मी कधी डुलले नव्हते. तो उतरला, वैतागला. "हिच्या पायाखाली चकती मारतो आधी," असं म्हणत त्याने मला उलटं केलं.

ऊन थेट माझ्या फळीच्या खालच्या बाजूवर पडलं. सिस्टरने पदराने धूळ पुसली. खालून निळा रंग वर आला आणि त्यातून ती वेलांटी, छत्रीसारखी, ऐसपैस. तिने एकदा फळीकडे पाहिलं, एकदा शिळेकडे. मग ती चौकातच खाली बसली आणि माझ्या फळीवर हात ठेवून विचारू लागली, "ही पेटी? ही आमची पेटी?"

तिचं बोट त्या वेलांटीवरून फिरत राहिलं. "म्हणजे हे पाथरवटाचं नाही. दादाचंच अक्षर आहे."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पाथरवटाला म्हणाल्या, "छिन्नी ठेवा. बरोबर आहे ते."

शिंपीणकाकूंना राहवलं नाही. "लिहून ठेवा गं कुणीतरी. बाईंनी अशुद्धलेखन पास केलं."

त्यावर सगळ्यात आधी सिस्टर हसली, रडता रडताच.

आता दर आठवड्याला त्या नावात रंग सिस्टरच भरते. माझ्या फळीच्या खालच्या बाजूला मंडळाने तेल लावलंय. तोकड्या पायाला मात्र चकती मारू दिली नाही तिने. डुलू दे, म्हणाली.

मित्रांनो, मला पेटीची घडवंची करणाऱ्यांचे, माझ्यावर विश्वासाने पाय ठेवणाऱ्या बायकांचे आणि अडगळीतून हात धरून बाहेर काढणाऱ्या त्या बहिणीचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं डुगडुगतं लाकूड असेल. ते दुरुस्त करा, नाहीतर टाकून द्या, तुमची मर्जी. फक्त त्याआधी एकदा उलटं करून पाहा. कदाचित खाली कुणाचं तरी नाव असेल, त्याच्या स्वतःच्या वेलांटीसकट.