मधली कळी

काकूने मला बोलावलं ते फुलं बघायला नव्हे, काकांना बघायला.

"हे चांगल्या कळ्या खुडून टाकतायत," स्वयंपाकघराचं दार लोटून ती हळू आवाजात म्हणाली. "परवा किल्ली साखरेच्या डब्यात सापडली. तू वनस्पतीशास्त्र शिकलीस ना? मग नीट बघ आणि सांग. डोकं चालेनासं झालं असेल तर रविवारी मी दादाला फोन करते. आई-बाबा, घर विकून माझ्याकडे या, असं तो केव्हाचा म्हणतोय."

"आणि बाग?"

"त्याच्याकडे चौथ्या मजल्यावर कसली बाग!" ती शिंकली. परागांचा तिला त्रास होतो, त्यामुळे फुलांचा मोसम लागला की ती बागेत पाऊल टाकत नाही. काकांचं मात्र निम्मं आयुष्य तिथे गेलंय.

काका डेलियाच्या वाफ्यात होते. मी त्यांची टोपली चाळली. डेलियाची कळी गोल आणि टणक असते; कोमेजून गेलेलं फूल टोकदार, दाबलं की पाणी सुटतं. टोपलीत दोन्ही होतं, पण कळ्याच जास्त. काकू बरोबर बोलत होती तर.

मग आठवलं, एका देठाला तीन कळ्या येतात. बाजूच्या दोन काढल्या की मधलं फूल ताटाएवढं होतं. म्हणजे काका मुद्दामच खुडत असतील! मी देठ तपासले. कित्येकांवर मधली कळी ऐटीत उभी होती. कित्येकांवर मधलीच गायब, आणि बाजूच्या दोघी पोरक्या.

निष्कर्ष निघेना. नमुना हवा म्हणून मी काही देठांना निळा दोरा बांधला.

"झाडांच्या वेण्या घालतेस का गं?" काकांनी विचारलं.

"खूण करतेय."

"कसली?"

मी पुढच्या देठाला गाठ मारली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दोरा बांधलेल्या देठांना त्यांनी हातच लावला नव्हता. माझी खूण त्यांनी पाळली, आणि माझा प्रयोग तिथेच बोंबलला.

शेवटी सरळ विचारलं, "काका, यातली कुठली ठेवायची?"

"मधली. एवढंही शिकवलं नाही का तुम्हाला?" त्यांनी बाजूच्या दोन कळ्या नखाने अलगद उडवल्या. अगदी बरोबर. पुढच्या देठावरही बरोबर. तिसऱ्यावर बोलता बोलता मधली तोडली, आणि तळहातावर घेऊन तिच्याकडे बघत राहिले.

"ही किडकी होती," ते म्हणाले.

मी कळी हातात घेतली. एका बाजूला बारीक तपकिरी ठिपका होता. कीड असेल. किंवा नखाचा व्रण.

"तिने तुला माझ्यावर लक्ष ठेवायला आणलंय ना?"

"हो."

"मग काय दिसलं?"

"काही बरोबर, काही चूक. आणि त्या चुका आहेत की नाहीत, तेही मला ठरवता येत नाही."

"मलाही," काका म्हणाले.

रविवारी काकूने फोन हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "बोल."

मी जे पाहिलं होतं तेच सांगितलं, ठिपक्यासकट. ती वैतागली. "एवढं शिकून नक्की काहीच सांगता येत नाही?"

"नाही गं. खरंच नाही."

फोन तसाच ओट्यावर ठेवून ती पदराने नाक झाकत बाहेर गेली. वाफ्यापर्यंत पोचेतो ती शिंकून शिंकून बेजार झाली.

"सरका जरा," ती काकांना म्हणाली. "तुम्ही दाखवा, मी खुडते. दोघांनी बघून मगच तोडायची. यातली कुठली काढू?"

काकांनी देठावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. "तुला कुठली वाटते?"

"मला काय कळतंय त्यातलं!"

दोघंही वाकून त्या तीन कळ्यांकडे बघत राहिले. कुणीच काही तोडलं नाही.