अडगळीत गेलेला गाभा

घर असो की कॉम्प्युटर, तिला अडगळ डोळ्यांसमोर खपायची नाही. दादाने आपला जुना लॅपटॉप दिला तेव्हा त्यात लिनक्स ही हलकीफुलकी सिस्टिम घालून दिली होती. आतलं वायफाय केव्हाच गेलेलं, म्हणून बाजूला अंगठ्याएवढा अडॅप्टर खोचलेला. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, दादाने अख्खा रविवार खर्ची घालून बसवला होता.

काल दुपारी लेक झोपली असताना तिने अपडेट केलं. सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा आला. डिस्क भरत आली होती, तेव्हा जुना कर्नल काढून टाकला. खरंच काढू का, असं यंत्राने विचारलंही. तिने बेलाशक हो म्हटलं. आज सकाळी लॅपटॉप सुरू केला तर वायफायचं चिन्हच नाही.

आणि अकराला ऑनलाइन परीक्षा. घरी बसून मजकूर तपासायच्या नोकरीसाठी. लेक झाल्यापासून इतक्या अर्जांतून आलेलं हे पहिलंच बोलावणं. परीक्षा नोंदवलेल्या यंत्रावरच द्यायची, अकरानंतर दार बंद.

तिने दादाला फोन लावला. ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठीच बांधला होता, तो म्हणाला, एवढं घाबरू नकोस. "सुरू होताना जुना कर्नल निवड, चालेल."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काढलास?"

"जागा खात होता रे."

एरवी त्याने तिची यथेच्छ टर उडवली असती. आज तो हसलाही नाही.

नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधायचा तर त्याच्या हेडर फाइली, म्हणजे जोडणीचं सामान, हव्यात, आणि त्या नेटवरून उतरवायच्या. नेट हवं तर ड्रायव्हर हवा. फोनवरून वायरने नेट द्यावं तर लेकीने चावून चावून त्याचं तोंड असं केलेलं की तो नुसता चार्ज व्हायचा, तोही तिरका धरला तर.

दादाने सुचवलं, झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हवर आण. सासूबाईंनी नातीला उचललं. "जा, मी आहे. रडली तर मात्र माझ्या नावाने बोटं मोडू नकोस."

दुकानदाराने विचारलं, कुठल्या कर्नलच्या? तिने धडाधड आवृत्तीचा आकडा सांगितला. पाठच होता; कालच तर काढून टाकताना नीट वाचला होता.

घरी येऊन ड्रायव्हर बांधायची आज्ञा दिली, तर कर्नल जुळत नाही असा लाल मजकूर आला. तिने तो दोनदा वाचला. काढून टाकलेल्याच गाभ्याचा सरंजाम ती धावतपळत घेऊन आली होती.

घड्याळाकडे बघून पुन्हा पायात चप्पल घातली, दारापर्यंत गेली. अकरा वाजायला पाचच मिनिटं होती. चप्पल काढून परत येऊन बसली.

"नेट लागलं का गं?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"नाही."

त्यांनी नातीला खाली सोडलं.

उगाचच तिने लॅपटॉप बंद करून सुरू केला. चुटकीसरशी उठला, कधी नव्हे इतका चपळ. लेक मांडीवर चढली, अडॅप्टर उपटून तोंडात घालू लागली. तिने तो काढून घेतला, ओढणीला पुसला, पुन्हा जागेवर खोचला. त्याचा दिवा लागला नाही. लेकीने परत हात पुढे केला.