कौलावरची कवळी

माझी हर्षाली जन्मतःच वेगळी. कपाळ पुढे आलेलं, केस विरळ, वरच्या हिरडीत सुळ्यासारखे दोनच दात. लाखात एखाद्या पोराला असतं, आणखी दात येणारच नाहीत, असं सांगून नाशिकचे डॉक्टर मोकळे झाले. इवलीशी कवळी तेवढी दिली.

आमच्या हरसूलची पोरं पडलेला दुधाचा दात कौलावर फेकतात, म्हणजे नवा येतो. ही ते लांबूनच बघायची, तोंडावर हात ठेवून.

आज सकाळी कवळी दिसेना.

"कुठं टाकलीस गं भवाने?" मी ओरडले.

"कौलावर."

तणतणत शिडी चढले. कवळी सापडली. खाली बघितलं, तर पोरगी तोंडावरचा हात काढून नव्या दातांची वाट बघत हसत होती.

मला खाली उतरवेना.