टपावरचा अंगठा

"अहो, गाडीला चाकं चारच असतात ना? मला इथं पाचवं सापडलंय."

"स्टेपनी आहे ती," पेंटर म्हणाला. "बाजूला ठेव. हरवलीस तर पंक्चर झाल्यावर मी काय करू?"

बायको हसली आणि तिनं ते नखाएवढं चाक चाचपत वेगळ्या वाटीत ठेवलं. जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर एक अख्खी गाडी तुकड्यातुकड्यांत पडली होती. जोडून झाली की जेमतेम वीतभर भरणार होती. पांढऱ्या प्लॅस्टिकचे भाग एका चौकटीला चिकटलेले होते. पेंटर ते नेलकटरनं एकेक सुटे करत होता, बायको बोटांनी ओळखून वाट्यांत लावत होती. चौतीस वर्षं त्यानं गॅरेजात गाड्या रंगवल्या, पण मुळापासून गाडी जोडायची ही पहिलीच खेप. त्याच्याकडे गाड्या यायच्या त्या ठोकलेल्या, खरचटलेल्या. नवीकोरी गाडी पेंटरच्या दारात कशाला येईल?

गाडीच्या भागांचं हे खोकं लेकीनं आणून दिलं होतं. पण ते मागवायला लावलं होतं पेंटरनं.

महिन्यापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की बाईंची नजर कडेनं आत आत मिटत चालली आहे, थोपवण्यासारखं आता काही उरलं नाही. रंग आधी जातील, मग बाकीचं. किती दिवस, ते नक्की सांगता येत नाही.  घरी येताना बायकोच म्हणाली, "बघण्यासारखं बघून झालंय हो सगळं. तो हिरवा तेवढा पुन्हा एकदा बघायला मिळाला असता तर बरं होतं."

कोणता हिरवा, हे त्यानं विचारलं नाही.

लग्नाच्या पहिल्या वर्षी गॅरेजात एका संगीतशिक्षिकेची गाडी आली होती. रंगांच्या पुस्तकातला एकही रंग बाईंच्या पसंतीला उतरेना. तळ्याच्या काठाला, झाडांच्या सावलीत पाणी जसं दिसतं, तसा हवा म्हणाल्या. पेंटरनं दोन दिवस डबे ढवळले. हिरवा, त्यात निळा, चिमूटभर काळा, आणि कुणाला सांगितलं नाही असा थेंबभर पिवळा. गाडी वाळली त्या दुपारी बाई परगावी होत्या. पेंटरनं बायकोला बोलावून घेतलं, शेजारी बसवलं आणि तळ्याला एक फेरी मारून आणली. लायसन्स त्याच्याकडे होतं, गाडी नव्हती. पुढंही ते तसंच राहिलं. बायकोनं सबंध रस्ताभर हात खिडकीबाहेर काढला होता. झाडांच्या सावल्या बॉनेटवरून वाहत येत होत्या आणि गाडी रस्त्यावर आहे की पाण्यात, तेच कळत नव्हतं. दोघांच्या सगळ्या संसारात ती वीस मिनिटं वेगळीच पडून राहिली होती.

नुसता रंग पत्र्याच्या तुकड्यावर लावून दाखवता आला असता. पण बायकोला गाडी हवी होती, आणि पेंटरलाही.

तीन दिवसांत गाडी उभी राहिली. खोक्यात पाण्यात कालवायच्या रंगांच्या चिमुकल्या बाटल्या होत्या. पेंटरनं त्या पाहून नाक मुरडलं. पाण्याचा रंग गाडीला? तो सरळ जुन्या गॅरेजात गेला आणि आपले नेहमीचे रंग नि थिनरची बाटली घेऊन आला. रंग देण्याआधी पत्रा थिनरनं पुसायचा, तेलाचा डाग, बोटाचा ठसा राहू द्यायचा नाही, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. गॅरेजात नव्या पोरांना तो बजावायचा, की पेंटरचा हात दिसला की काम वाया गेलं. गाडी बघून वाटलं पाहिजे, हिला कुणी शिवलंच नाही.

त्यानं फडकं थिनरमध्ये बुडवलं, गाडी डाव्या हातात धरली आणि टप निगुतीनं पुसला. कोपऱ्यात एक डाग राहिल्यासारखा वाटला म्हणून अंगठ्यानं दाबून पुन्हा पुसला. अंगठा आत गेला.

क्षणभर त्याला कळेचना. थिनरनं पत्र्याचं काही बिघडत नाही. प्लॅस्टिक मात्र साय झालं होतं. त्यानं हात उचलला तेव्हा टपाच्या मधोमध एक खळगा पडला होता आणि त्यात अंगठ्याच्या रेषा न् रेषा उमटल्या होत्या.  खळग्यात लांबीचा लगदा भरून बुजवावा, तर तोही प्लॅस्टिक खाणार. लेकीला फोन केला. ती म्हणाली, दुसरं खोकं मागवते, पण यायला तीन आठवडे लागतील.

आतल्या खोलीतून बायकोनं विचारलं, "अहो, दिवे गेलेत का?"

दिवे लागलेले होते. खिडकीतून ऊनही येत होतं. पेंटरनं फोनवर लेकीला सांगितलं, "राहू दे. मागवू नकोस."

मग त्यानं निमूटपणे त्या चिमुकल्या बाटल्या उघडल्या. हातभर लांबून फवारा मारणारा माणूस तो. बोटभर ब्रश धरताना अवघडून गेला. बशीत रंग कालवला, पुसला, पुन्हा कालवला. पिवळा थेंब आठवणीनं टाकला. एक हात दिला, वाळू दिला, दुसरा दिला. जवळ जवळ आला रंग. पण तोच नव्हता. तो हिरवा खोल होता, याला पाण्याचा तळ नव्हता. दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं, पण पेंटरला झोपेतसुद्धा कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन खिडकीच्या कट्ट्यावर आलं, तेव्हा त्यानं बायकोला तिथं आणून बसवलं आणि गाडी तिच्या हातात दिली. तिनं ती उजेडात धरली, डोळ्यांजवळ नेली, थोडी डावीकडे केली, थोडी वर. जिथं नजर अजून शिल्लक होती, तेवढी जागा ती शोधत होती. पेंटर शेजारी उभा राहिला. पहिली गाडी मालकाच्या ताब्यात देतानाही त्याला इतकी धाकधूक वाटली नव्हती.

"अगदी तोच," बायको म्हणाली. "तळ्यातला."

 फरक दिसूनही ती तसं म्हणाली, की रंगच दिसला नाही म्हणून, हे पेंटरला कळेना, आणि विचारायचा धीरही होईना. 

तिची बोटं बॉनेटवरून काचेवर गेली, काचेवरून टपावर, आणि थांबली.

"हे काय आहे?"

"चुकलं माझं," तो म्हणाला. "थिनरनं पुसायला गेलो. अंगठा रुतला. जन्मात कधी काम असं बिघडलं नव्हतं."

बायको पुन्हा पुन्हा त्या खळग्यातून बोट फिरवत राहिली. रेषा लागत होत्या बोटाला.

"हा आहे ना, तोवर मला ही गाडी ओळखू येईल," ती म्हणाली. "रंगाचं काही सांगता येत नाही आता."

म्हणजे तिला नीट दिसलं नव्हतं. किंवा दिसलं होतं आणि उद्याचं ती आजच बोलत होती. पेंटर खाली मान घालून तिच्या शेजारी बसला. पोराठोरांनी पॉलिश करून चकचकीत केलेल्या किती गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या, एकीवरही तो कुठं उरला नव्हता.

बायकोनं गाडी कट्ट्यावर ठेवली. खळग्यात आपला अंगठा ठेवला. तो त्यात सैल बसला. मग तिनं डोळे मिटून घेतले.

"सावकाश चालवा हं," ती म्हणाली, आणि दुसरा हात तिनं खिडकीच्या गजांतून बाहेर, उन्हात काढला.

पेंटरनं एक बोट गाडीच्या मागं लावलं आणि ती हळूच पुढं ढकलली.