तिसऱ्या डोळ्यापुढची काच

पौषातल्या थंड सकाळी बोरीत त्रिनेत्र महाराजांच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. समोर मोठा टीव्ही. महाराज हातातलं मुठीएवढं काळं यंत्र ज्याच्याकडे वळवत, तो पडद्यावर निळा, पिवळा, तांबडा होऊन पेटल्यासारखा दिसे.

"हा शंकराचा तिसरा डोळा," महाराज सांगत होते. "डॉक्टरला हाड दिसतं. आमाला करणी दिसती."

त्याच पहाटे गावी पोचलेली राजेश्री खांबाला टेकून उभी होती. असले डोळे बनवण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. प्रत्येक वस्तूतून उष्णतेची किरणं निघतात. माणसाला ती दिसत नाहीत. ती टिपणारे अर्धवाहकाचे पातळ थर ती बंगळुरूच्या प्रयोगशाळेत घडवायची. धुळीचा एक कण पडला, की महिन्याची मेहनत मातीत. पूर्वीची यंत्रं गारठवून ठेवावी लागत. आताची खिशात मावतात. येलदरीच्या वीजघरात तारांचे तापलेले जोड शोधायला वापरतात, तसलंच हे एक.

पुढे सतरंजीवर तिची थोरली बहीण मनकर्णा बसली होती. राजेश्रीला परभणीला शिकता यावं म्हणून हिनं सातवीतच शाळा सोडली होती. आता अंगात साखरेचा आजार, टाचेत मोडलेला काटा. पडद्यावर तिची पोटरी लालभडक होती.

"नऊ दिस झाले, करणी लय चिवट हाय," म्हणत महाराजांनी तीर्थात भिजवलेला कापूस पोटरीवर फिरवला. लाल डाग बघता बघता निळा पडला. बायकांनी हात जोडले.

"दाजी, अक्काला आत्ता दवाखान्यात न्यायचं," राजेश्री मेहुण्याला, लिंबाजीला म्हणाली.

"अकराव्या दिशी उतरंल म्हणलेत. समद्यायला डोळ्यानं दिसायलंय. तुमी मधी पडू नका, बाई."

राजेश्री पुढे गेली, तसं महाराजांनी यंत्र तिच्याकडे वळवलं. महाराजांच्या पाठीमागच्या प्लायवूडच्या फळीवर तिनं तळवा दाबून धरला आणि काढला. पडद्यावर फळीवर लाल पंजा उमटून राहिला.

"फळीलाबी करणी झाली का, महाराज?"

मग तिनं तोच कापूस आपल्या धडधाकट मनगटावर फिरवला. मनगट निळं पडलं. पुढे बसलेल्या सगुणाबाईनं कापूस नाकाशी नेला.

"हे तर सुई टोचायच्या आधी लावत्यात ते. स्पिरिट हाय हे."

"कोप होईल," महाराज गुरगुरले.

राजेश्रीनं मंडपातल्या कपाटाची सरकती काच काढून चेहऱ्यासमोर धरली. पडद्यावरून तिचा चेहरा नाहीसा झाला.

"तुमाला काचेतून मी दिसायलेय. शंकराच्या डोळ्याला दिसंना. ही किरणं साध्या काचेतून जात न्हाईत, म्हणून." ती लिंबाजीकडे वळली. "दाजी, यंत्र खोटं बोललं न्हाई. अक्काच्या पायात आग हाय. आत पू झालाय. ह्या स्पिरिटनं वरचं कातडं तेवढं गार केलं."

लिंबाजीनं बायकोला उचललं.

परभणीच्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याच्या वर कापला. पण विष रक्तात पसरलं होतं. चौथ्या दिवशी मनकर्णा गेली. दवाखान्याच्या पायरीवर बसलेला लिंबाजी म्हणाला, "पयल्या दिशीच पडद्यावर दिसत व्हतं, बाई."

"दिसत होतं, दाजी."

आयुष्य घालून तिनं जी नजर घडवली होती, तिला बहिणीचं मरण पहिल्याच दिवशी दिसलं होतं, आणि शंभर माणसांनी त्याला नमस्कार केला होता.

तिनं पोलिसांत तक्रार दिली. बोरीतून पळालेला महाराज सोनपेठच्या बाजाराजवळ नवा मंडप घालताना सापडला.

दहाव्याला नदीवर जमलेल्या गावाला राजेश्री एवढंच म्हणाली, "यंत्राला ताप दिसतो, पाप दिसत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर तो उलटून बघा, हुंगून बघा, आडवी काच धरून बघा. दाखवणारा चिडला तर समजा, आत खोट आहे. आणि माणसाचं अंग तापलं, पाय सुजला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आमी नऊ दिवस उशिरा गेलो."